वानखडे सरांचे चाळीस टक्के

वानखडे सरांच्या गाडीत बसायचं असेल तर पोटभर जेवून जायचं नाही. दार उघडण्याआधी ते तुम्हाला खालून वर न्याहाळतात आणि विचारतात, "जेवून आले काय?" हो म्हटलं की त्यांचा चेहरा पडतो. वजन वाढलं की बॅटरी लवकर उतरते, असं त्यांचं शास्त्र आहे.

सर यवतमाळला आमच्या शेजारीच राहतात. शाळेतून रिटायर झाल्यावर त्यांनी ही चार्जिंगची बुटकी गाडी घेतली, आणि तेव्हापासून हा माणूस रस्त्याकडे कमी अन् समोरच्या टक्क्यांकडे जास्त पाहतो. "घरी येऊ तवा चाळीस उरले पाह्यजेत," हे ते इतक्यांदा म्हणतात की कॉलनीतली पोरं त्यांना चाळीस सरच म्हणतात. हे चाळीस हवेत कशाला, ते मात्र सांगत नाहीत. मी एकदा म्हटलं, "सर, पेट्रोलवाले तर काटा लाल होईपर्यंत फिरतात." तर म्हणे, "फिरू द्या त्यायले."

गेल्या मे महिन्यात एका साखरपुड्यासाठी त्यांच्या गाडीतून कळंबला जायची दुर्बुद्धी मला आणि बायकोला झाली. आदल्या रात्री लाईन नव्हती, त्यामुळे चार्जिंग अर्धवट झालेलं. एसीचं नाव काढलं तर सर म्हणाले, "काच खाली घ्या ना, बाहेर मस्त हवा हाय." गावाबाहेर पडल्यावर लगेच म्हणाले, "आता काच वर घ्या, हवा गाडीले मांगं ओढून राह्यली." मग काय, बंद काचेत आम्ही उकडून निघालो. बायको माझ्याकडे अशी बघत होती, जशी काही गाडी मीच बनवली होती.

परतताना यजमानांनी आंब्यांची पिशवी दिली. सरांनी ती हातात तोलून पाहिली. बायको वैतागून म्हणाली, "सर, इथेच खाऊन टाकू का?" सर गंभीरपणे म्हणाले, "पोटात गेले तरी वजन तेच राह्यते वहिनी." शेवटी पिशवी मागे डिकीत ठेवली आणि सरांनी गाडी बैलगाडीच्या चालीने आणली. दारात पोचलो तेव्हा एक्केचाळीस उरले होते. पोरगा पास झाल्यासारखे सर खूश झाले.

आंबे गाडीतच राहिले. दुपारी लाईन गेली, पंखे बंद पडले, तसा मी पिशवी आणायला गेलो. गाडी शेडमध्ये उभी होती, काचा बंद, आत एसी चालू. पुढची सीट मागे पाडून वानखडे काकू गाढ झोपल्या होत्या. आदल्या उन्हाळ्यात ऊन लागून त्या मरता मरता वाचल्या होत्या, हे साऱ्या कॉलनीला ठाऊक होतं. सर बाहेर स्टुलावर बसलेले, बनियन घामाने ओलं. ते चाळीस टक्के कशासाठी लागतात हे मला तेव्हा कळलं, आणि त्या माणसाची फार माया आली.

मी हळूच म्हटलं, "सर, तुम्हीही आत बसा ना."

"दोघं बसलो तं एसी जास्त खाते. लाईन कवा येईन, काय भरोसा?"

मी डिकीकडे वळलो, तर त्यांनी माझा हात धरला.

"आंबे संध्याकाळी न्या भाऊ. आता उघडलं तं गार हवा निघून जाईन."

स्टुलावर थोडं सरकून त्यांनी मला जागा करून दिली.