मथुराबाईंच्या खुब्याला आलेली स्थळे

वृद्ध माणसाचा खुबा मोडला की शस्त्रक्रियेचे पर्याय त्याला स्वतः पाहायला येतात, ही जिल्हा रुग्णालयातील जुनी पद्धत आहे. मथुराबाई दिवटे यांच्याबाबत काय घडले, ते अस्थिरोग विभागाच्या परिचारिका सुलभा लोखंडे यांच्याकडून अकरा फेब्रुवारीला, मंगळवारी दुपारी सव्वाबारा वाजता, प्लास्टर रूमच्या दारात ऐकले. जे तपासता आले, ते नंतर तपासून घेतले आहे.

मथुराबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. रविवारी सकाळी आठ वाजता न्हाणीत पाय घसरला आणि डाव्या मांडीचे हाड मानेपाशी मोडून जागचे सरकले. दुखणे त्यांनी दात आवळून सोसले. पण घरी खड्डामागावर अर्धे इरकली लुगडे तसेच राहिले होते, त्याने जीव टांगणीला लागला. साठ वर्षांत त्यांनी विणकाम अर्ध्यावर टाकले नव्हते.

नियम असा की अठ्ठेचाळीस तासांत कोणालाच होकार गेला नाही, तर रुग्ण कायमचा खाटेच्या नावे लागतो. म्हणून सोमवारी सकाळी दहाला पाहण्याचा कार्यक्रम ठरला.

आलेल्या सगळ्या स्थळांना ओळीत उभे करून मथुराबाई म्हणाल्या, "चालून दाखवा बघू. मला पाहायला आले होते तेव्हा मलाही चालवलं होतं."

तिघे स्क्रू बरोबर चालले. थोरला नम्रपणे म्हणाला, "बाई, हाड जागेवर असतं तर आम्ही तिघा भावांनी धरून ठेवलं असतं. सरकल्यावर हाडाच्या टोकाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटतो. खोटं सांगून सोयरीक करणार नाही."

उंच खिळा दोनच पावले टाकून थांबला. त्याचे क्षेत्र हाडाच्या मानेच्या खालचे होते. "पत्ता चुकला," म्हणून त्याने नमस्कार केला.

पूर्ण सांधा ऐटीत चालला. हाडाचा गोळा आणि तो ज्यात फिरतो ती वाटी, दोन्ही नवी देण्याची त्याची तयारी होती. मथुराबाईंचा अर्ज वाचताना मात्र तो अडखळला. "व्यवसायापुढे 'जमिनीवर बसून' लिहिलंय. मांडी घालणं आमच्याकडे चालत नाही." आणि तो खाली बसलाही नाही.

तेवढ्यात खाट बोलली. "मला काहीच नको. बाई नुसत्या पडून राहिल्या तरी चालेल."

"बघ आई," मुलगा शशिकांत हळवा होऊन म्हणाला, "कापाकापी नाही, अटी नाहीत. या वयात आणखी काय हवं?"

"काही नको म्हणणारं स्थळच घर बुडवतं, शशा. महिनाभरात छातीत कफ, पाठीला जखमा. समोरच्या काकू अशाच गेल्या ना?" मग त्या खाटेला म्हणाल्या, "तू पण चालून दाखव."

खाटेने आपल्या चाकांकडे पाहिले. मग म्हणाली, "मला ढकलावं लागतं."

"मग मलाही लागेल."

कोपऱ्यात अर्धा सांधा उभा होता. तो साधेपणाने चालत पुढे आला आणि त्याने एकच प्रश्न विचारला. "जमिनीवर बसून म्हणजे नेमकं कसं?"

हा प्रश्न आजवर कोणीच विचारला नव्हता. मथुराबाई उशीवरून उठू लागल्या.

"अरे, खड्डामाग आहे तो! बसायची फळी खड्ड्याच्या काठावर आणि पाय खाली खड्ड्यात, माग चालवायच्या पावड्यांवर. मांडी घालतंय कोण?"

"म्हणजे खुर्चीसारखंच," अर्धा सांधा म्हणाला. "फळीवर जाड गादी घाला, गुडघा खुब्याच्या वर जाता कामा नये. उठताबसताना कोणीतरी हात द्यावा. गोळा माझा, वाटी तुमचीच राहील."

"माहेरचं काहीतरी राहू देणारा पहिलाच भेटला," मथुराबाई म्हणाल्या. "सिस्टर, होकार लिहा."

"आजी, मुलाची सही?"

"त्याला गादी शिवायला पाठवा."

खाटेची हरकत नोंदवून फेटाळण्यात आली. दुपारी अडीचला शस्त्रक्रिया झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी मथुराबाई वॉकर धरून उभ्या राहिल्या, दारापर्यंत चालल्या आणि परत वळून आल्या. वॉर्डातल्या सहाही आज्यांनी टाळ्या वाजवल्या. रडणाऱ्या शशिकांतला त्या म्हणाल्या, "पूस डोळे. ताण्याची धूळ झटकलीस का?"

अकराव्या आठवड्यात लुगडे मागावरून उतरले. रुग्णालयाची नोंदवही, दोन्ही क्ष-किरण चित्रे आणि फळीवरची गादी प्रत्यक्ष पाहिली आहे. लुगडेही पाहिले, पण कोणत्या धाग्यापाशी काम थांबले होते, ते दाखवूनही ओळखता आले नाही.

एका गोष्टीची खात्री मात्र करता आली नाही. मथुराबाई घरी निघाल्या तेव्हा ती खाट वॉर्डाच्या दारापर्यंत त्यांना पाहायला आली होती, असे लोखंडे सिस्टर सांगतात. चाकांना ब्रेक लावलेला होता आणि तिला कोणी ढकलले नव्हते, असे वॉर्डातल्या सहाही आज्यांचे म्हणणे आहे.