कॅप्टनसाहेब जेवत नाहीत!

माणसाला जेवायची रीत नसावी म्हणजे किती नसावी! मानीबाईने आजवर रुसलेले जावई जेवू घातले, भांडायला आलेले भाऊबंद जेवू घातले. मतं मागायला आलेले तर किती जण तिच्याकडे जेवून गेले आणि पुन्हा तोंड दाखवायला आले नाहीत. पण वाढलेल्या ताटावरून हात मागे घेणारा माणूस तिने त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. आणि तोही कोण? तिच्या नातीचा साहेब! विमान चालवणारा!

महागावकडच्या त्यांच्या बंजारा तांड्यात मानीबाईची नात विमान चालवते हे शेळ्यांनासुद्धा माहीत होतं. खुशीला नोकरी लागायला किती वर्षं गेली ते मात्र मानीबाई कोणाला सांगत नसे. लायसन हातात होतं, पण जाईल तिथे एकच उत्तर, आधी अनुभव आणा! अनुभव काय उमरखेडच्या बाजारात पायलीने मिळतो? पोरगी घरी बसून बसून वाळत चालली होती. शेवटी एका छोट्या कंपनीने घेतलं. आपण लग्नाला जीप ठरवतो तसे शेठ लोक विमान ठरवतात, ती विमानं ह्या कंपनीची. फोन आला की निघायचं, मग ताटात घास असो की डोळ्यांत झोप. वर तीही नोकरी कच्ची. पक्की करायची की घरी पाठवायची, ते कॅप्टन रजत नावाचा मोठा पायलट ठरवणार होता.

एक दिवस खुशीचा फोन आला. "दादी, उद्या आम्ही यवतमाळले उतरून राह्यलो. शेठ कळंबले चिंतामणीच्या दर्शनाले जातीन. ते वापस येतवर मी अन् कॅप्टन तिथंच."

"जेवाचं काय?"

"सँडविच असते."

झालं! मानीबाईने पहाटेच गोवऱ्या पेटवल्या. रोडगे भाजले, वांग्याची भाजी केली, तुपाचा डबा घेतला. मुलगा प्रेमसिंग, म्हणजे खुशीचा बाप, गाडी चालवायला आणि सून हंसाबाई डबे धरायला. दुपारी वरात यवतमाळच्या धावपट्टीच्या फाटकाशी थडकली.

आणि मानीबाईने पाहिलं काय? पांढराशुभ्र शर्ट, खांद्यावर सोनेरी पट्ट्या, आणि हातात फडकं! खुशी विमानाच्या सीटा पुसत होती.

"हंसा, माह्या डोळ्यात मोतीबिंदू वापस आला का वं? पोट्टी फडकं मारून राह्यली!"

खुशी फाटकाशी धावत आली. "दादी, छोट्या कंपनीत को-पायलटलेच सारं करा लागते. शेठच्या बॅगा चढवा, चहा-नाश्ता ठेवा, विमान पुसा, मंग उडवा."

"अन् तुहा कॅप्टन काय करते?"

"ते पाह्यतात."

"पाह्यनारे तर आपल्या तांड्यातबी लय हायेत! त्यायले कोनी पट्ट्या नाई लावल्या!"

"हळू बोल, दादी! आज त्यायनं हो म्हटलं तं मी पक्की. नाई म्हटलं तं..." पुढचं न बोलताच पोरगी वळली. ते न बोललेलं मानीबाईच्या काळजाला टोचलं. तिने हंसाबाईला खुशीचा डबा देऊन तिच्यामागे पाठवलं आणि स्वतः कडुलिंबाखाली साहेबांसाठी ताट वाढलं. तुपाची अशी धार सोडली की पोरीची नोकरी तिथल्या तिथे पक्की व्हावी!

कॅप्टन आले. उंच, सडपातळ, नागपूरचे. वाकून नमस्कार केला. चटईवर मांडी घालून बसले. रोडग्याचा वास घेतला तेव्हा त्यांचे डोळेच मिटले. मग एकदम उघडले.

"आजी, खुशी पण हेच जेवणार?"

"मंग? तिच्यासाठी वेगळी चूल मांडू काय?"

साहेबांनी हात मागे घेतला. "मग मला नको. माफ करा. मी माझं सँडविच खातो."

"काहून? ती खाते ते तुमाले चालत नाई?"

"नाही चालत, आजी. नियम आहे." तेवढ्यात त्यांचा फोन वाजला आणि साहेब बोलत बोलत लांब गेले.

नियम! मानीबाईची कानशिलं तापली. असले नियम तिने पोरवयात पाहिले होते. तांड्याच्या माणसाने गावात पाणी मागितलं की वरून ओंजळीत ओतायचे. तो नियम आता पट्ट्या लावून विमानातून उतरला होय? आणि हे ताट सोडून खाणार काय, तर दोन पावांच्या मधात कालची काकडी!

साहेबांची काळी बॅग चटईजवळ होती. मानीबाई उठली आणि त्या बॅगेवर जाऊन बसली. अंड्यांवर कोंबडी बसावी तशी!

कॅप्टन परत आले. "आजी, माझी बॅग..."

"जेवा. मंग बॅग."

"त्यात माझे कागद आहेत, लायसन आहे!"

"असन. ताटात माही इज्जत हाये."

"आजी, तुमचा गैरसमज होतोय..."

"समज-गैरसमज नंतर. पह्यले घास!"

साहेबांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मानीबाईला उचलून बाजूला ठेवणं हे काही विमान उचलण्याइतकं सोपं नव्हतं. "बरं! मी जेवतो. पण मग खुशीने ह्यातलं काही खायचं नाही. आमच्यापैकी एकानेच. तिने खाल्लं तर नाही ना?"

"नाई नाई! तुमी खा!" मानीबाई म्हणाली. रागात माणूस काय खरं बोलतो?

मग साहेब जेवले. जेवले म्हणजे काय, पेरणीहून आल्यासारखे जेवले! पहिला रोडगा दिसेनासा झाला. दुसऱ्याला बाह्या वर गेल्या. तिसरा कुस्करताना जीभ सैल सुटली.

"आजी, राग मानू नका. दोघं पायलट एकच जेवण जेवत नाहीत. समजा अन्न बाधलं, तर दोघंही एकदम आडवे होतील. मग वर आभाळात विमान कोण सांभाळणार? एकाने वेगळं खाल्लं की एक जण तरी धड राहतो आणि सगळ्यांना सुखरूप खाली आणतो. म्हणून म्हटलं, तुमचं जेवण खुशीला मिळू दे. मला काय, सँडविचची सवय आहे."

मानीबाईचा तुपाचा चमचा हवेतच राहिला. म्हणजे हा बाप्पा तिच्या नातीसाठी उपाशी राहत होता!

एवढ्यात हंसाबाई रिकामा डबा वाजवत आली. सासूला ती याडी म्हणायची. "याडी! पोट्टीनं पोटभर खाल्लं! डबा चाटूनपुसून साफ!"

कॅप्टनच्या हातातला रोडगा ताटात पडला. मागून बोटं चाटत आलेली खुशी ते ताट पाहून जागीच थिजली.

साहेबांनी लगेच कंपनीला फोन लावला. दोघांचं जेवण एक झालं, आज उड्डाण नाही, उद्या सकाळी तब्येत पाहून. मानीबाई हळूच बॅगेवरून उठली. आता बसून उपयोग काय!

शेठ परत आले ते कपाळाला गुलाल आणि पायाला भिंगरी लावून. "चला चला! मला संध्याकाळी मुंबईत पोचायचंय!"

कॅप्टन खुशीकडे वळले. "तू सांग त्यांना."

खुशीने सांगितलं. शेठचा चेहरा गुलालाहून लाल झाला. "वांग्याच्या भाजीपायी माझं विमान उडत नाही? हे बघ पोरी, तुझा मालक माझा दोस्त आहे. उडव, उद्या तुझी नोकरी पक्की. नाहीतर उद्यापासून घरी बस!"

घरी! मानीबाईच्या डोळ्यांसमोर ती वाळलेली पोरगी उभी राहिली. तिला राहवेना. "खुशे, उडव बाई! माह्या हातच्या भाजीनं आजवर कोनाचं पोट नाई दुखलं!"

"दादी, तू चूप!"

अवघ्या तांड्यात मानीबाईला असं म्हणायची कोणाची छाती झाली नव्हती. प्रेमसिंग तर गाडीमागे लपला.

खुशीने मान ताठ केली. "शेठजी, भाजी चांगलीच आहे. पण आज विमान उडणार नाही. मी तुम्हाला नागपूरपर्यंत मोटार बोलावून देते. तिथून मुंबईचं विमान मिळेल. नोकरीचं तुम्ही मालकांशी बोला."

शेठ तडतडत राहिले. मोटार येईपर्यंत मात्र त्यांचं नाक सारखं कडुलिंबाकडे वळत होतं. दर्शन होईपर्यंत उपास धरलेले ते, पोटात पाणीसुद्धा नव्हतं. मानीबाईने त्यांच्यापुढे डबा सरकवला. "घ्या, शेठजी. तुमाले कुठं विमान चालवाचं हाये!"

शेठने खाल्लं. दुसरा रोडगा मागून घेतला. मोटारीत बसताना मालकाचं नावसुद्धा काढलं नाही.

मोटार दिसेनाशी झाली तसा कॅप्टनने कंपनीच्या मालकांना फोन लावला. "साहेब, खुशीला पक्की करा." फोन ठेवून ते तिच्याकडे वळले. "विमान चालवता येणारे पुष्कळ येतात ग आमच्याकडे. शेठला तोंडावर नाही म्हणणारे येत नाहीत. मला तेच पाहायचं होतं."

खुशी तिथेच फडक्यात तोंड खुपसून रडली. हंसाबाई रडली. प्रेमसिंग गाडीमागून बाहेर आला आणि तोही रडला.

मानीबाई रडली नाही. तिने पदर सारखा केला, चालत कॅप्टनपुढे गेली आणि दोन्ही हात जोडले. मग साऱ्या धावपट्टीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"सायेब, मनातल्या मनात तुमाले लय शिव्या देल्या, त्या वापस घेते. वर आभाळात माह्या पोट्टीच्या बाजूले तुमच्यासारखा मानूस बसते, आता मले झोप लागन. तुमचे उपकार या जन्मी फिटनार नाईत. कॅप्टन म्हून तुमी लाखात एक हा! पाहुना म्हून मात्र, बाप्पा, अगदीच बेकार!"