भिवराबाई कासारणीने पाणी आढ्यास चढविले, ते वर्तमान

श्रीगजाननास वंदन, कुलस्वामिनीस वंदन, आणि अग्नी व उदक ही दोन्ही ज्याच्या आज्ञेत वर्ततात त्या जगन्नियंत्यास दंडवत. शके सोळाशे अठ्ठावन्न, नल नाम संवत्सरी, राजधानीच्या पेठेत जे जाहले ते येथे लिहिले असे. ऐकणारांनी सावध चित्ते ऐकावे.

राज्य थोर, महाराज धर्मशील, किल्ले मजबूत, आणि शत्रू कोणी वेशीपर्यंत येऊ न धजे. परंतु पेठेतली घरे गवताने शाकारलेली, एकास एक लागून, यास्तव उन्हाळ्यात आग हाच एक शत्रू, तो न सांगता येई आणि आळ्याच्या आळ्या मारून जाई. मागील उन्हाळ्यात कासार आळी जळाली, तेव्हा बहिरजी कासार, मोठा कसबी माणूस, शेजारची म्हातारी बाहेर काढावयास आत शिरला. लोकांनी घागरी भरभरून मारिल्या, पण पाणी ओसरीपर्यंत जाई, आढ्यास न पोहोचे. मग आढे कोसळले आणि बहिरजी तेथेच कैलासवासी जाहला. त्याची स्त्री भिवराबाई. बाईंनी दुःख गिळिले, डोळ्यांतून टिपूस काढिले नाही, आणि धाकटे दीर रायाजी यांस सोबत घेऊन भांड्यांचा कारखाना आपण चालवू लागल्या. पुढे रंगपंचमी आली. आळीतल्या मुलांनी पितळी पिचकाऱ्यांनी रंग उडविला, तो अंगणातून थेट छपरावर गेला. बाई तशाच उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, पिचकारी माणसाएवढी केली तर?" रायाजी म्हणाले, "पेलणार कोण, वहिनी?" बाई बोलिल्या, "पेलावयाची कशास? गाड्यावर घालू."

ऐशा बोलण्यातून बंबाचा मनसुबा निघाला. गाड्यावर तांब्याचा हौद, हौदात पितळेचे नळकांडे, नळकांड्यात दट्ट्या. दोन गड्यांनी दांडा दाबावा आणि पाणी कातडी नळीतून उसळी घेऊन वर जावे. मनसुबा चोख, परंतु बाईंची बुद्धी पुरातल्या नदीसारखी, आज या काठास, उद्या त्या काठास. सकाळी म्हणावे, दांडा बाजूस नको, मधोमध असावा. दोन प्रहरी म्हणावे, हौद गोल नको, लांबट करावा. आणि रायाजींनी जे ठोकून सिद्ध करावे ते संध्याकाळी पुन्हा भट्टीत जावे. रायाजींचा स्वभाव उलटा, ठोकलेला खिळा उपटणे त्यांस पाप वाटे. कारागीर आपसात म्हणत, "आपण बंब घडवितो की वितळवितो?" ऐसे करिता दसरा आला, आणि कोतवाल यादोपंत यांनी हुजूर अर्ज केला, त्यावरून महाराजांनी वाड्यापुढील चौकात बंब पाहण्याचा दिवस नेमिला. आदल्या दिवशी बाईंस सुचले की पाणी मागे फिरू न देणारी आतली कातडी झडप पुढे कुजेल, ती पितळेची करावी. रायाजी म्हणाले, "वहिनी, परवा करू. उद्या महाराज येणार." बाई बोलिल्या, "चांगले सुचले ते परवावर टाकू?" आणि झडप बदलिली. दुसरे दिवशी महाराज विराजमान जाहले, गवताची एक खोपी पेटविली, गड्यांनी दांडा दाबिला, तो पितळी झडप अडकली आणि पाणी नळीने न जाता हौदातून उसळले, ते यादोपंतांच्या अंगावर पडले. खोपी जळून राख जाहली. एक सरदार म्हणाले, "आग राहिली, कोतवाल मात्र विझले!" दरबार खदखदून हसला. महाराज हसले नाहीत. ते बोलिले, "बाई, कल्पना उत्तम आहे. पण पेठ कल्पनेने विझत नाही. उन्हाळा लागण्याच्या आत बंब चालता करा, नाही तर कारखान्याचे तांबेपितळ तोफखान्याकडे जाईल."

घरी येताच रायाजींनी हातोडा टाकिला आणि म्हणाले, "दादा गेले तेव्हा निदान घागरी होत्या. पुढली आग येईल तेव्हा तुमचे ढीगभर नमुने असतील, आणि बंब एकही नसेल." बाईंस ते वर्मी लागले. त्या म्हणाल्या, "आणि तुमच्यावर सोपविले असते तर आजही घागरीच असत्या!" मग उभयतांनी बोलणे सोडिले. रायाजींनी हट्टाने पहिल्या नमुन्याचा बंब बांधिला, एक खिळाही न बदलता. तो मजबूत जाहला, पण पाणी ओसरीच्या वर चढेना. बाईंनी कोळशाने भिंतीवर नवा नमुना काढिला. तो सुरेख, पण भिंतीवरच. दिवाळी सरली, थंडी पडली, आणि एके सकाळी आपणच आधी बोलावे ऐसा निश्चय करून बाई भट्टीकडे निघाल्या, तो रायाजी त्यांच्याच भिंतीपुढे उभे. रायाजी म्हणाले, "नळी तोंडाशी निमुळती काढिली आहे, ती का?" बाई बोलिल्या, "पिचकारीचे तोंड बारीक असते, म्हणून पाणी लांब जाते." रायाजी म्हणाले, "हे मला का नाही सांगितले?" बाई बोलिल्या, "सांगितले होते, भाऊजी. त्याच दिवशी आणिक दहा गोष्टी सांगितल्या, त्यांत ते बुडाले." यावर दोघेही हसले, आणि बाई म्हणाल्या, "संक्रांतीपर्यंत मी बदलीन, तोवर तुम्ही पुरे म्हणू नये. संक्रांतीस नमुना ठरला. मग मी त्यास हात लावीन तर मला तुमच्या दादांची आण."

त्याउपरी कारखाना झपाटल्यासारखा चालिला. झडप पुन्हा कातड्याची केली आणि तेलात मुरविली; नळीचे तोंड निमुळते केले; पाणी छपरावर गेले, मग छपरापलीकडे गेले. संक्रांतीस नमुना ठरला आणि त्याच नमुन्याचे बंब एकामागून एक उतरू लागले. इतक्यात बाईंस सुचले की एकाऐवजी दोन नळकांडी आळीपाळीने चालविली तर धार तुटणार नाही. सुचले ते खरे होते. बाई भट्टीच्या दारापर्यंत आल्या, आण आठवली, परत गेल्या, आणि जात्यात दाणा नसता जाते ओढीत बसल्या. रायाजींनी तो आवाज ऐकिला आणि जवळ येऊन म्हणाले, "वहिनी, जे मनात आहे ते कोपऱ्यातल्या लहान भट्टीत करून पाहा. तेथे मी येणार नाही. मोठ्या भट्टीस मात्र शिवू नका." बाईंनी जाते सोडिले आणि पदर खोचला.

मग फाल्गुन वद्यात, भर दोन प्रहरी, वारा सुटला असता कोष्टी आळी पेटली. नगारा वाजला, आणि रायाजींनी बैल जुंपून तयार बंब पिटाळिला, बाई मागोमाग. पण आळी अरुंद, तोंडाशीच चाके दोहींकडच्या ओट्यांत रुतली. आत पांडबा कोष्ट्याचे घर, शेजारचे छप्पर धडधडते, आणि पांडबा छाती पिटून ओरडे, "लेक आत आहे हो! कालच बाळंत झाली, उठवत नाही तिला!" रायाजींनी गाड्यास खांदा लाविला, पुन्हा लाविला, आणि म्हणाले, "गाडा जात नाही, वहिनी!" बाईंनी आळी पाहिली, गाडा पाहिला, आणि बोलिल्या, "गाडा राहू द्या. हौद उचला. खाली वासे घाला आणि पालखीसारखा न्या." रायाजी क्षणभर थबकले, कारण हौद गाड्यास जखडणारे सांधे जन्मभर टिकावे म्हणून त्यांनीच ठोकिले होते, मग घण उचलून तेच सांधे फोडिले, आणि ओरडले, "पाणी सांडा! रिकामा न्या, विहीर आत आहे!" कारागिरांनी खांदे दिले, शिपायांनी दिले, यादोपंतही खांदा देते जाहले. विहिरीपासून बायकांनी रांग धरिली आणि घागरी हौदात रित्या होऊ लागल्या. रायाजी दांड्यावर, बाई नळीवर. आणि पाणी उसळले ते पांडबाच्या आढ्यावर पडले, मग शेजारच्या आगीवर पडले. धार तुटत होती, पुन्हा येत होती, परंतु येत होती. तितक्या अवकाशात पांडबाने लेकीस बाजेसकट बाहेर आणिले, पोर तिच्या कुशीत. काही घरे गेली; आळी राहिली, पेठ राहिली.

महाराजांनी उभयतांस वस्त्रे दिली आणि राज्याच्या पेठापेठांतून बंब ठेवण्याचा हुकूम केला. परंतु बाराव्या दिवशी पांडबाकडे बारसे जाहले, तेथे बाई गेल्या, आणि बाळंतिणीने पोर त्यांच्या मांडीवर दिले. बाईंनी वर आढ्याकडे पाहिले. ते जागचे जागी होते. मग बहिरजी गेल्यापासून पहिल्यांदा त्यांस रडू आले, ते आवरेना, आणि बाहेर ओट्यावर बसलेल्या रायाजींनी ते ऐकिले, पण आत गेले नाहीत.

सारांश, सुचणे देवाचे, घडविणे हातांचे, आणि दोहींस एका छपराखाली नांदविणे माणसाचे. ते कठीण खरे, परंतु होते. जैसे ऐकिले तैसे लिहिले. वाचणाराचा रांजण भरलेला राहो.