एल्डरमिल कॉलेजचे सन्मानपूर्वक समापन

एल्डरमिल कॉलेज बंद होणार असल्याचे वृत्त प्राध्यापक हेस्टर लूमिस यांना मंगळवार, चौदा एप्रिल रोजी सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी, म्हणजे भर तासाला, ईमेलने कळले. ईमेलचे शीर्षक होते, ‘एक उत्साहवर्धक घोषणा’. आत असे लिहिले होते की, एकशे एकेचाळीस वर्षांच्या देदीप्यमान वाटचालीनंतर महाविद्यालय स्थायी विश्रांतीच्या टप्प्यात प्रवेश करीत असून तीस एप्रिलला सायंकाळी पाच वाजता सर्व कामकाजाचे सन्मानपूर्वक समापन होईल. सत्र संपायचं होतं मेच्या मध्याला. मधल्या दोन आठवड्यांबद्दल एवढंच म्हटलं होतं की सर्वांनी स्वतःची काळजी घ्यावी आणि गरज वाटल्यास समुपदेशन केंद्राशी संपर्क साधावा. समुपदेशन केंद्र नाताळापासूनच बंद होतं.

वर्गात सात जण होते. सहांनी फोन पाहिले, आपसात कुजबुज केली आणि तिथल्या तिथे दुसऱ्या कॉलेजांचे अर्ज भरायला घेतले. सातवी लोरेटा कोझॅक. वय चोपन्न, शाळेची बस चालवायची. सकाळची पोरं शाळेत सोडून, बस मागच्या आवारात लावून, थर्मास घेऊन ती पहिल्या बाकावर बसायची. एका सत्राला एकच विषय, त्याहून जास्त तिला झेपत नसे. असं करत करत एकोणीस वर्षं झाली होती आणि पदवीला हा शेवटचा विषय उरला होता. दुसऱ्या कॉलेजात जायचं तर शेवटचं अख्खं वर्ष तिथेच काढावं लागतं असा नियम आहे, आणि लोरेटाच्या चालीने ते एक वर्ष म्हणजे आणखी पाच वर्षं.

“म्हणजे बाई, माझं राहिलंच की हो,” लोरेटा म्हणाली.

“राहतंय कसं? तीस तारखेपुढचा एक तास आणि एक पेपर. एवढंच ना? मी बघते.”

शुक्रवारी व्यायामशाळेत सभा झाली. अध्यक्ष डॉ. प्रेस्टन ऑल्ड्रिच यांनी डोळे टिपत भाषण केलं. भाषणात ‘कुटुंब’ हा शब्द चौदा वेळा आला. मग प्रश्नोत्तरं सुरू झाली आणि हेस्टरने पहिला हात वर केला. “आमची एक विद्यार्थिनी एका पेपरावर अडकलीय. दोन आठवडे दिवे चालू ठेवता येणार नाहीत का?”

“प्राध्यापक लूमिस, तुमचं म्हणणं आम्ही मनापासून ऐकतो आहोत,” अध्यक्ष म्हणाले. आमच्याकडे नकार याच शब्दांत देतात.

तेवढ्यात मागच्या रांगेतून १९८८ च्या तुकडीतली एक माजी विद्यार्थिनी ताडकन उठली. “अहो, पण नऊ मेला फायनल आहे! मुलींच्या लॅक्रॉसची! तीस एप्रिलला कॉलेज बंद केलंत तर खेळणार कोण?”

कॉलेज बंद होतंय म्हणजे काय होतंय, हे तेव्हा कुठे लोकांच्या डोक्यात शिरलं. एका म्हाताऱ्याने टोपी काढून छातीशी धरली. कोणीतरी हुंदका दिला. मुलींचा संघ वर्षभरात एकही सामना हरला नव्हता. जाळीच्या काठ्या घेऊन पोरी धावू लागल्या की अख्खं एल्डरमिल दुकानाला कुलूप लावून मैदानाच्या कडेला उभं राहायचं.

दोन दिवसांत ‘आमचं लॅक्रॉस वाचवा’ या अर्जावर अकरा हजार सह्या झाल्या. कॉलेजात विद्यार्थी तीनशे ऐंशी. कॉलेज वाचवा असा अर्ज करायचं कोणाला सुचलं नाही. मीही सही केली, खोटं कशाला सांगू.

रविवारी विश्वस्तांची तातडीची बैठक बसली आणि एक ठराव एकमताने मंजूर झाला. महाविद्यालय ठरल्याप्रमाणे तीस एप्रिललाच बंद होईल, लॅक्रॉस मात्र नऊ मेच्या सायंकाळी पाचपर्यंत चालू राहील. स्पर्धेच्या नियमानुसार खेळाडू विद्यार्थी असणे बंधनकारक असल्याने, संघातील खेळाडू तेवढे दिवस विद्यार्थी समजले जातील. आता विद्यार्थी म्हटला की तो काहीतरी शिकत असला पाहिजे, अशी मान्यता देणाऱ्या मंडळाची जुनी अट आहे. तेव्हा एक विषय चालू ठेवावा असं ठरलं. हेस्टरचा विषय निवडला गेला, कारण तिच्या वर्गाची खिडकी मैदानावर उघडत होती आणि कोचची शिट्टी तिथे नीट ऐकू यायची.

हेस्टर आनंदाने कुलसचिव वेंडेल ट्रिप यांच्याकडे धावली. “वेंडेल, माझा तास चालू राहतोय! म्हणजे लोरेटाचं काम झालं!”

ट्रिपने चष्मा पुसला. सभ्य माणूस, पण नियमाबाहेर शिंकसुद्धा द्यायचा नाही. “हेस्टर, ती वर्गात बसू शकते. पण बसलेली आम्हाला दिसणार नाही.”

“म्हणजे काय?”

“तीस तारखेनंतर विद्यार्थी म्हणजे संघातली खेळाडू. जी संघात नाही ती विद्यार्थी नाही.”

“आणि तिने माझा पेपर लिहिला तर?”

“तर तो तिचा छंद झाला.”

हेस्टर दोन मिनिटं तो ठराव वाचत तिथेच उभी राहिली. मग जिना उतरून तडक मैदानावर गेली आणि कोच डेनीस फॅरो यांना गाठलं.

“कोच, एक खेळाडू घ्यायचीय.”

“वय?”

“चोपन्न.”

“आधी खेळलीय?”

“बस चालवते.”

“हात पक्के असतील मग,” कोच म्हणाल्या. “घेतली.”

यात नवल काही नव्हतं. एल्डरमिलच्या संघाने आजवर कोणालाच नाही म्हटलेलं नव्हतं. मैदानात बारा खेळतात, आपल्या संघात एकसष्ट होत्या. उरलेल्या एकोणपन्नास बाकावर बसून फी भरायच्या, आणि आमच्यासारखी छोटी कॉलेजं गेली वीस वर्षं त्या बाकाच्या जोरावरच उभी आहेत. कोणाला संघातून वगळलं असतं तर कॉलेज दहा वर्षं आधीच बंद पडलं असतं.

अडचण येईल ती पात्रतेची, असं हेस्टरला वाटलं होतं, कारण खेळाडूला ठरावीक सत्रंच खेळता येतं. ट्रिपने नियमपुस्तिका तीनदा वाचली. पूर्णवेळ शिकलेली सत्रं तेवढीच मोजायची, असं त्यात स्पष्ट होतं. लोरेटा एकोणीस वर्षांत एकही सत्र पूर्णवेळ शिकली नव्हती. सबब नियमाच्या दृष्टीने ती कालच दाखल झालेली कोवळी पोर होती आणि तिची खेळायची सगळी वर्षं शिल्लक होती. शेवटच्या सत्रात पदवीला लागतो तेवढाच विषय घेतला तरी चालतो, अशीही सवलत निघाली. ट्रिपने शिक्का मारला. गेल्या कित्येक वर्षांत आपण इतका निर्दोष अर्ज पाहिला नव्हता, असंही तो म्हणाला.

“बाई, स्कर्ट घालावा लागेल?” लोरेटाने विचारलं.

“लागेल.”

“माझ्या बसमधली पोरं बघतील हो! जन्मभर चिडवतील.”

“पेपर हवाय ना तुला?”

लोरेटाने थर्मासचं झाकण घट्ट लावलं. “कुठल्या मापात मिळतो?”

तिला नव्याण्णव नंबरचा टीशर्ट मिळाला, कारण तेवढाच उरला होता. तीस एप्रिलला सायंकाळी पाचला ग्रंथालयाला टाळं लागलं, सहा ट्रक भरून बाकं गेली, शिक्षकांना फुलझाडाची एकेक कुंडी देण्यात आली. मैदानावरचं गवत मात्र रोज सकाळी कापलं जात होतं.

पाच मेला, मंगळवारी, शेवटचा तास होता. हेस्टर वर्गात पोचली तर फळ्यावर बाण आणि फुल्या काढलेल्या, आणि कोच बासष्ट जणींना चढाई समजावत होत्या. शेवटच्या रांगेत लोरेटा, डोळ्यांवर जाळीचा चष्मा, तोंडात दात वाचवायची कवळी, मांडीवर उघडी वही.

“फायनलच्या आठवड्यात तास, बाई?” कोच दुखावल्या. “जरा तारतम्य ठेवा की.”

“पण नियमाप्रमाणे इथे तासच चाललाय, कोच.”

“मग शनिवारी मध्यंतरात घ्या. दहा मिनिटं असतात.”

“दहा मिनिटांत मावणार नाही.”

“मावेल तेवढं शिकवा.”

बाकीच्या मुलींना हजेरीवर पास करायचं विश्वस्तांनी ठरवलं होतंच. पेपर फक्त लोरेटाचा. तेव्हा ट्रिपने असं वेळापत्रक आखलं: दोनला सामना, मध्यंतरात तास, पावणेचारला सामना समाप्त, चार ते पावणेपाच पेपर, पाच मिनिटांत तपासणी, चार पंचावन्नला गुणांची नोंद आणि पदवीवर शिक्का, पाचला महाविद्यालयाचे अस्तित्व समाप्त. वेळापत्रक पाहून हेस्टरला बरं वाटलं.

शनिवारी सहा हजार माणसं आली. दोन राज्यांपलीकडून माजी विद्यार्थी आले. आगीच्या बंबावरच्या स्वयंसेवकांनी सकाळपासून कोंबड्या भाजायला घेतल्या होत्या, चर्चच्या बायकांनी मिठाच्या पाण्यात उकडलेल्या बटाट्यांवर लोणी ओतायला घेतलं होतं. ‘आमचं एल्डरमिल अमर आहे’ लिहिलेले टीशर्ट दुपारपर्यंत संपले. लोक एकमेकांच्या गळ्यात पडून रडत होते. टीव्हीवाल्यांनी लोरेटाला आदल्या दिवशीच दाखवलं होतं, त्यामुळे तिची सही घ्यायला रांग लागली. सही तिने सगळ्यांना दिली, पण दुसऱ्या हातातली वही सोडली नाही.

मध्यंतराला हेस्टर प्रश्नपत्रिका बगलेत मारून ध्वनिक्षेपकापाशी गेली, तर निवेदकाने तो अलगद काढून घेतला. “एक मिनिट हं बाई, आधी नंबर.”

संघच राहणार नसल्याने संघाचे सर्व नंबर सन्मानाने निवृत्त करायचे होते. एकपासून नव्याण्णवपर्यंत. प्रत्येक नंबर ज्यांनी ज्यांनी घातला त्यांची नावं, टाळ्या, घंटेचा एक ठोका. चाळिसाव्या नंबरला हेस्टरने बाकाशेजारी गवतावर बसकण मारली आणि एकट्या लोरेटाला शिकवायला सुरुवात केली. घंटा वाजली की थांबायची, टाळ्या संपल्या की पुढचं वाक्य. लोरेटा भराभर लिहून घेत होती. नव्याण्णवाव्या नंबरला तिलाच मैदानाच्या मधोमध बोलावलं. नुकताच मिळालेला नंबर निवृत्त करून ती परत येईपर्यंत शिट्टी झाली. तासाचा निम्मा भाग राहिला तो राहिलाच.

पावणेचारला उत्तरार्ध सुरू झाला. साडेचारला अकरा-अकरा. आता जो संघ पहिला गोल करील तो जिंकला, असं पंचांनी जाहीर केलं. पुढची वीस मिनिटं कोणाचाच गोल होईना. हेस्टर कठड्याशी उभी राहून घड्याळाकडे पाहत होती. तिच्या शेजारी ट्रिप गुणांची वही आणि शिक्का घेऊन उभा होता, आणि त्याचाही जीव टांगणीला लागला होता, पण तो गोलासाठी. एवढ्यात आपल्या दोन मुली लंगडत बाहेर आल्या. सहा हजार घसे एका सुरात ओरडू लागले, “लो-रे-टा! लो-रे-टा!”

“कोझॅक, जा!” कोच म्हणाल्या.

“कोच, तिचा पेपर आहे!” हेस्टर ओरडली.

“अहो बाई, पेपर काय, दरवर्षी असतो!”

लोरेटाने हेस्टरकडे पाहिलं. नाही म्हटलं तर संघाबाहेर. संघाबाहेर गेली की विद्यार्थी नाही, विद्यार्थी नाही तर पेपर नाही. आणि उतरली तर पेपराला उरलेली दहा मिनिटंही गेली. “लवकर उरकून येते, बाई,” ती म्हणाली आणि वही हेस्टरच्या हातात देऊन मैदानात शिरली.

खोटं नाही सांगत, तिने खरंच उरकलं. चेंडू तिच्या जाळीत कसा आला ते तिलाही कळलं नसेल. पण आल्यावर ती उजवीकडे पाहीना, डावीकडे पाहीना. शाळेला उशीर झालेली बस हाकावी तशी सरळ सुटली, दोन पोरी बाजूला झाल्या, तिसरी आडवी पडली, आणि चेंडू जाळ्यात. बारा-अकरा. घड्याळात चार बावन्न.

“बाई! आणा पेपर!” लोरेटा हात पसरून कठड्याकडे धावली.

कठड्यापर्यंत ती पोचलीच नाही. लोकांनी तिला वरच्या वर उचललं. मैदानाला पहिली फेरी झाली, दुसरी झाली. “खाली ठेवा रे मला! पेपर आहे माझा! खाली ठेवा म्हणते ना, मेल्यांनो!” ती वरून ओरडत होती, आणि आनंदाने वेडी झालीय बिचारी असं समजून लोक आणखी उंच उडवत होते. हेस्टर, वय त्रेसष्ट, प्रश्नपत्रिका फडकवत बाजूने पळत होती. पुष्कळांनी तिचेही फोटो काढले. तिसऱ्या फेरीला चर्चची घंटा पाच वेळा वाजली. ट्रिपने डोळे पुसले, शिक्का पेटीत ठेवला आणि पेटीला कुलूप लावलं.

“आज एल्डरमिलच्या शिक्षणाचा खरा अर्थ या भगिनीने जगाला दाखवला!” अध्यक्ष ऑल्ड्रिच ध्वनिक्षेपकावरून म्हणाले. तोवर पाच वाजून दोन मिनिटं झाली होती, म्हणजे ते कशाचेच अध्यक्ष नव्हते, पण टाळ्यांचा कडकडाट झाला. लोरेटाला जाळीची काठी चांदीच्या पट्टीवर बसवून देण्यात आली. पदवी मिळाली नाही. एकोणीस वर्षं फुकट गेली, आणि ज्यांनी ती घालवली ते सगळे तिच्यावर प्रेम करणारे होते.

बारा मेला, मंगळवारी, दहा वाजून दहा मिनिटांनी लोरेटा थर्मास घेऊन हेस्टरच्या स्वयंपाकघरात आली. हेस्टरने राहिलेला निम्मा तास घेतला. मग पेपर दिला. लोरेटाने तो जेवणाच्या टेबलावर बसून लिहिला आणि तिला शंभरात ब्याण्णव पडले. ते मांडायला जगात कुठेही वही नव्हती. हेस्टरला रडू आलं. “बाई, रडताय काय? शिकून तर झालं ना,” लोरेटा म्हणाली आणि थर्मास तिच्यापुढे सरकवला.

नेमका तेव्हाच शहरातल्या वर्तमानपत्राचा वार्ताहर दारात आला. त्याने तपासलेला पेपर जरा बाजूला सारून फोटोसाठी जागा केली. काठी कोणत्या हाताने धरली, बूट कोणते होते, गुडघे दुखतात का, सकाळी खाल्लं काय होतं, सगळं बारकाईने लिहून घेतलं. मग वही मिटली आणि गेला.

“बघितलंस?” हेस्टर म्हणाली. “एकोणीस वर्षं काय शिकलीस, एवढं एक विचारलं नाही मेल्याने.”

त्याला नावं ठेवायला मीही तोंड उघडलं होतं. पण हेस्टर लूमिस कोणता विषय शिकवायची, ते मी अजून तुम्हाला सांगितलेलं नाही, आणि इथवर वाचताना तुमचंही त्यावाचून काही अडलं नाही. स्कोअर तेवढा लक्षात राहिला असेल.