दार आपटायच्या आधी

“वहिनी, दार आपटलं का हो?”

“नाही अजून,” बायको म्हणाली. तिचा एक हात कमरेवर होता, दुसरा बेडरूमच्या दारावर. समोर नवरा. भांडण ऐन रंगात आलेलं आणि बाहेरच्या दारात हा पाना-पेचकस घेतलेला फिटर. “पण तुम्हाला काय करायचंय?”

“मग वेळेत पोचलो म्हणायचं!” फिटर हुश्श करत आत आला. “आपटणार आहे, असा मेसेज आला होता. आपटायच्या आधी हजर व्हायचं, अशी योजना आहे ना आपली. म्हणजे, साहेबांचीच.”

बायकोने साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी पंख्याकडे पाहिलं.

साहेब म्हणजे आयडियाराव. हे नाव बिजागऱ्यांच्या कारखान्यात मालकीणबाईंनी ठेवलेलं, आणि कौतुकाने नव्हे. कारखान्याचं दुखणं असं, की एकदा बसवली की माणूस म्हातारा होतो, बिजागरी होत नाही. गिऱ्हाईक पुन्हा फिरकायचं कशाला? आयडियारावांनी तोड काढली. बिजागरी विकायचीच नाही! ती आपली, दार त्यांचं. तिच्यात काड्यापेटीएवढी डबी बसवायची. दार किती वेळा हललं, किती जोरात मिटलं, ते डबी इंटरनेटवरून कारखान्याला कळवणार, काही मोडायच्या आत फिटर पोचणार आणि गिऱ्हाईक दरमहा वर्गणी भरणार.

“आपण वस्तू नाही बाई, निश्चिंती विकायची!”

“एक गिऱ्हाईक दाखवा,” मालकीणबाई म्हणाल्या. “महिनाअखेरीला आपण होऊन वर्गणी भरणारं. नाही तर तुम्ही एक तारखेपासून गोदामात, खोकी रचायला.”

दारोदार हिंडूनही कुणी दार देईना, तेव्हा बायको आंघोळीला गेल्याचं पाहून त्यांनी डबी स्वतःच्याच बेडरूमच्या दाराला बसवली. बायकोचं काय, तिला शेवटी समजावता येईल.

डबी फारच गुणी निघाली. आयडियारावांनी घरचा फोन ठेवला रे ठेवला, की कारखान्याच्या भिंतीवरच्या पडद्यावर त्यांचा संसार उमटायचा.

दार: जोरात आपटले.

“आज काय विसरलात?” हिशेबनीस विचारायचे.

“काही नाही हो, वाऱ्याने—”

दार: पुन्हा आपटले. आधीपेक्षा जोरात.

“वहिनींना अजून काहीतरी आठवलेलं दिसतंय.”

दिवसागणिक डबी शहाणी होत गेली. दोनदा दार अर्धवट उघडून मिटलं की पुढच्या खेपेला ते आपटतंच, हे तिने ताडलं आणि फिटरला धाडला. तो हा असा भर भांडणात येऊन उभा राहिला, दोन थेंब तेल घालून चहा पिऊन गेला.

“म्हणजे मी चिडले की तुमच्या कारखान्यात घंटा वाजते?”

“घंटा नाही गं. पडद्यावर नुसती एक लाल रेघ—”

“लाल!”

त्या दिवसापासून ते दार असं मिटू लागलं, जणू आत तान्हं बाळ झोपलंय. भांडणं स्वयंपाकघरात हलली. स्वयंपाकघराला दार नव्हतं.

पडदा कोरा पडला.

“बाई, हेच तर यश आहे,” आयडियाराव म्हणाले.

“ज्या दाराला आपली गरज नाही, त्याची वर्गणी कोण खुळा भरेल? गोदामात उकडतं फार. हलके कपडे घालून या.”

 घरी येऊन आयडियारावांनी बायकोपुढे हात जोडले. “एकदाच आपट. माझ्यासाठी.”

“मला राग आलेला नाही.”

त्यांनी ओला टॉवेल पलंगावर टाकला. तिने उचलून वाळत घातला. तुझी बहीण बेसूर गाते, म्हणाले. “खरंय हो,” ती म्हणाली, “लहानपणापासून.” आता या बाईचं करावं तरी काय!

शेवटी ते अर्धी रजा टाकून दुपारी घरी आले. बायको शाळेत शिकवायला गेली होती. त्यांनी बाह्या सरसावल्या आणि

दार: जोरात आपटले.

दार: जोरात आपटले.

वैतागून शर्ट काढून फेकला, बनियनवर आले आणि

दार: जोरात आपटले. हात नेहमीचा नाही. घरात परका माणूस.

मालकीणबाईंनी शाळेत फोन लावला. थोड्याच वेळात बायकोने बाहेरच्या दाराचं लॅच हळूच उघडलं. मागे पाना उगारलेला फिटर, त्याच्यामागे फाटकाची भलीमोठी बिजागरी परजत मालकीणबाई. आतून धाडकन आवाज आला आणि एक घोगरा पुरुषी आवाज दारावरच खेकसला, “कर ना मेल्या लाल रेघ!”

“अगंबाई,” बायको म्हणाली, “हे तर आमचेच.”

मग सगळंच बाहेर आलं. मालकीणबाईंनी बिजागरी खाली केली. “आयडियाराव, आज महिनाअखेर. तुमचं ते गिऱ्हाईक कुठाय?”

आयडियारावांनी बनियन खाली ओढत बायकोकडे बोट केलं. त्यांना गोदामातल्या खोक्यांचा वास येऊ लागला होता.

“भराल का हो वर्गणी?” मालकीणबाईंनी तिला विचारलं.

“दारासाठी? छे!” ती म्हणाली. वास वाढला. “पण माझ्या माघारी घरात काय चालतं, ते आज कुणीतरी फोन करून सांगितलं. त्यासाठी भरेन. आनंदाने भरेन.”

“झालं! झालीस गिऱ्हाईक!” आयडियारावांनी उडीच मारली.

“झाले ना? मग माझी तक्रार घ्या. हे घरात असले की दार आपटतं.”

फिटरने वाकून बिजागरी तपासली, दार दोनदा हलवून पाहिलं. “दारात दोष नाही, बाई.” मग त्याने आयडियारावांना खालून वरपर्यंत न्याहाळलं.

“दुरुस्त होतंय का बघ,” मालकीणबाई म्हणाल्या. “नाही तर बदलून देऊ.”

“बदलून नको हो,” बायको घाईने म्हणाली. “बसलेत आता या घरात. थोडं तेल घाला, पुरे.”