तडा जाण्यासाठी लागणारे पाणी

प्रत्येक प्रगत संस्कृतीने भांड्याचा खोलवर विचार केलेला असतो. भांड्यात काय घालायचे, हा विचार तिने मागासलेल्यांवर सोपवलेला असतो. जपानी लोक या बाबतीत बरेच पुढे आहेत. तांदळाची दारू, म्हणजे साके, पिण्यासाठी ते हाताने मातीचा पेला घडवतात. दोन घोटांत रिकामा होईल एवढाच. तो अगदी गोल झाला तर नापास. कड जराशी वाकडी हवी, कारागिराच्या बोटाचा ठसा दिसायला हवा, वरची चकाकी बुडाशी पोचता पोचता कंटाळून थांबायला हवी. आणि एखादा तडा गेलाच, तर मग बोलायलाच नको. जाणकार माणूस पेला आधी पालथा करून बूड पाहतो, मान डोलावतो आणि मगच पितो. (आपल्याकडे आधी पितात, मग मान डोलावतात. बूड राहूनच जाते.)

अशी कला मोखाडा तालुक्यात आणावी, असे १९९८ साली एका खात्याला वाटले, हे ओघानेच आले. प्रशिक्षण केंद्रासाठी सूर्यमाळच्या बाजूचा एक पाडा निवडला. माती भरपूर होती. पाहणीच्या वेळी एकही बाई कामात दिसली नाही, त्यावरून मनुष्यबळ रिकामे असल्याचे सिद्ध झाले. (सगळ्या पाण्याला गेल्या होत्या.) शिवाय तिथे पूर्वी कुणी कुंभारकाम केलेले नव्हते, त्यामुळे सुबकपणाची वाईट सवय कुणाला नव्हती.

पाणी मात्र नव्हते. माणसांसाठी टँकरचा प्रस्ताव जव्हारच्या कचेरीत टेबले पाहत हिंडत होता. मातीसाठीचा टँकर योजनेतच मंजूर होता. माती भिजवायला तो आठवड्यातून दोनदा येऊ लागला. पहिल्या खेपेला चार बायका प्रशिक्षणार्थी होत्या. दुसऱ्या खेपेपर्यंत अख्खा पाडा जपानी कलेकडे वळला होता, त्यात दोन तान्ही मुले आणि एक आंधळे आजोबा.

केंद्राची प्रमुख पाड्यातलीच हौशी नावाची बाई. तिची कार्यपद्धती सरळ होती: आधी हंडे भरायचे, उरेल ते मातीला. मातीला तांब्याभर उरे. तेवढ्यावर मळलेली माती उन्हात करकरीत वाळे आणि भट्टीतून निघणारा प्रत्येक पेला तडकलेला असे.

तिची सून चैती घाबरली. “आत्या, साहेब येल तं? पेल्यात काय ठरत नाय.”

“ठराया कशाला पायजे?” हौशी म्हणाली. “ते बघाया करतात.”

मे महिन्यात खात्याचे वाघचौरेसाहेब जपानी तज्ज्ञ श्री. हिरानो यांना घेऊन आले. त्या दिवशी टँकर चुकला होता, म्हणून प्रत्येक दारात हंडे पालथे. बूड दाखवण्याची ही प्राचीन रीत पाहून पाहुणे गहिवरले आणि एकेका हंड्यापुढे कमरेत वाकले. मग त्यांनी एक पेला उचलला. तड्यावरून बराच वेळ बोट फिरवून दुभाष्याला म्हणाले, असा तडा साधण्यात त्यांच्या गुरूंचा जन्म गेला. आणखी हवेत, सगळे असेच.

वाघचौरे अभ्यासू होते. “हा तडा जातो कशाने?”

“पानी कमी पडतं ना, साहेब,” चैती खरे बोलून गेली.

साहेबांचा चेहरा उजळला. “अस्सं! म्हणजे टँकर बंद केला तर माल आणखी सुधारेल!” आणि त्यांनी खिशातले पेन काढले.

पाऊस लांब होता आणि झरा दरीच्या तळाशी.

हौशी हसली. “अरं साहेब, पोर नवी हाय, तिचा काय ऐकतोस! कमी पान्यानं पडतात त्या फुकटच्या भेगा. तशा तं माझे टाचेला पन हायेत. त्या नेल का हा पावना जपानला?”

“मग हा तडा?”

“हा पान्याचा. माती भिजवाची, सुकवाची, परत भिजवाची. पिऊन पिऊन ती कंटाळली, का मग तडकते.”

“पाणी किती लागतं?”

“रोज एक टँकर.”

“आन् लांब तडा पायजे असल तं दोन,” चैती म्हणाली. तिचे प्रशिक्षण तिथे पूर्ण झाले.

साहेबांनी लिहून घेतले: ‘तडा ही पाणीप्रधान प्रक्रिया आहे.’ टँकर रोजचा झाला. पेले पूर्वीसारखेच तडकत राहिले. शेजारच्या पाड्यांनीही ‘आम्हांला तडे मिळावेत’ असे अर्ज केले. ते विचाराधीन आहेत.

जपानला जाऊन उरलेला माल पुण्या-मुंबईच्या प्रदर्शनांत खपला. एखादा पेला तुमच्याही दिवाणखान्यात असेल आणि पाहुण्यांना तुम्ही त्या तड्याचे तत्त्वज्ञान सांगत असाल. मध्यंतरी काही रसिकांची तक्रार आली की त्यांच्या पेल्याला तडाच नाही, बदलून द्यावा. तक्रार रास्त होती. चौकशीत कळले की एके दिवशी खात्याची माणसे संध्याकाळपर्यंत केंद्रावर ठाण मांडून बसली, आणि टँकरचे सगळे पाणी खरोखरच मातीत घालावे लागले.

तेव्हा तुमचा पेला थेंबभरही गळत नसेल, तर तो त्या दिवसाचा. निर्धास्त वापरा. पाड्याचे एका दिवसाचे पिण्याचे पाणी त्यात मुरलेले आहे. चवीला काही कळत नाही.