मित्रासाठी विचारतोय

"मी आवडेनाशी झालेय का तुम्हाला?" भाजी चिरता चिरता, मान वर न करता बायकोने विचारलं, तेव्हा कुठे चष्मेवाल्याने डॉक्टरकडे जायचं मनावर घेतलं. आवडण्याचा प्रश्नच नव्हता. अडचण निराळी होती, आणि त्या अडचणीला तो वर्षभर 'दुकानाची दगदग' म्हणत आला होता.

दिवसभर गिऱ्हाइकांना "हे स्पष्ट दिसतंय की ते?" असं विचारणारा हा माणूस डॉक्टरीणबाईंसमोर बसला आणि त्याला एक वाक्य स्पष्ट बोलता येईना.

"माझा एक मित्र आहे," तो अखेर टेबलाला म्हणाला. "त्याला गोळी हवीय. ती... पुरुषांची."

"मग मित्राला घेऊन या. न तपासता मी देत नाही. छातीत दुखतं म्हणून तो जिभेखाली गोळी ठेवत असेल, तर वर ही घेणं जिवावर बेतेल."

'मीच तो' एवढं म्हणाला असता तर तिथंच सुटला असता. पण इभ्रत आडवी आली आणि आता मित्र पैदा करणं भाग पडलं. त्याने शेजारच्या दुकानातल्या शिंप्याला गाठलं.

"नुसतं खुर्चीत बसायचं, मान डोलवायची आणि चिठ्ठी मला द्यायची."

शिंपी आढेवेढे न घेता तयार झाला. चष्मेवाल्याला भरून आलं.

दवाखान्यात चष्मेवाल्याच्या शेजारी बसून शिंप्याने तर कमालच केली.

"कधीपासून त्रास आहे?"

"मुलीच्या लग्नानंतर सुरू झाला. आधी वाटलं, थकवा असेल."

आवाजसुद्धा नेमका जागच्या जागी कापरा झाला. असा कलावंत आयुष्यभर काजंबटणं करत बसला, याचं चष्मेवाल्याला वाईट वाटलं.

बाईंनी रक्तदाब बघितला, हृदयाची चौकशी केली, साखर तपासायला सांगितली. "गोळ्या दोन प्रकारच्या आहेत. एक तासभर आधी घ्यायची, तुडुंब जेवून नाही. दुसरीचा असर दीडेक दिवस राहतो. पण मनात इच्छाच नसेल, तर दोन्ही काही करत नाहीत."

"इच्छा आहे," शिंपी म्हणाला. "दुसरी लिहा. मला घाई जमत नाही."

बाहेर येताच चष्मेवाल्याने हात पुढे केला. शिंप्याने चिठ्ठीची घडी घालून खिशात टाकली.

"अरे, ती माझी आहे."

"नाव माझं आहे. दुखणंही माझंच आहे." शिंपी खाली बघत म्हणाला, "मागच्या आठवड्यात आलो होतो मी. मित्रासाठी म्हणून. बाईंनी विचारलं, कोण मित्र? घाईत तुझं नाव सांगून बसलो."

चष्मेवाला संतापला. भर दवाखान्यात आपली अशी बदनामी! याला चारचौघांत खोटं पाडायला हवं, असं त्याच्या मनात आलं, आणि खोटं नेमकं कुठे आहे ते त्याला सापडेना.

तेवढ्यात दार उघडून बाई म्हणाल्या, "हं, आता तुम्ही या. एकटेच."